बूटवाल्या बाई

साडीवर बूट घालून चालणारी बाई आता परभणीत कुणाच्या नजरेत भरत नाही. सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर या, हव्या तेवढ्या दिसतील. काठाची साडी, डोक्याला स्कार्फ, पायात नातवाने मागवून दिलेले जाड तळाचे बूट, आणि हात झुलवत झपाझप चाललेल्या. त्यांच्या शेजारून त्यांच्याच सुना ट्रॅक पँट आणि टी-शर्टमध्ये पुढे निघून जातात. कुणी मान वळवून पाहत नाही. मी मात्र दर वेळी पाहते. हा वेश मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शाळकरी होते, आणि आमच्या अख्ख्या सेलू गावात तो एकाच बाईंचा होता. त्या बाजारपेठेतून निघाल्या की दुकानदार तराजू धरलेला हात थांबवून त्यांच्या पायांकडे बघायचे.

बाईंचं खरं नाव कुमुद. ते हजेरीपटाबाहेर कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. गावाने त्यांना 'बूटवाल्या बाई' करून टाकलं होतं. घोट्याच्या वर नेसलेली सुती साडी, कमरेला घट्ट खोचलेला पदर, खांद्यावर मोठी पिन, मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोरीतली शिट्टी आणि पायात खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. आमच्या शाळेत खेळ शिकवायला आल्या त्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी त्यांना रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "नर्सबाई हात का हो तुमी? आमच्या सासूबाईंला जरा इंजेक्शन द्यायचं होतं." बाई न रागावता म्हणाल्या, "इंजेक्शन न्हाई जमत मला. पण सासूबाईंला सकाळी मैदानावर पाठवा, चालवून आणते." काकू ते पुढे कित्येक वर्षं हसून सांगत. सासूबाईंना मात्र पाठवलं नाही.

कपड्यांकडे बघण्याची बाईंची एक निराळीच तऱ्हा होती. दिवाळीनंतर शाळा उघडली की आम्ही नवे कपडे घालून जायचो. बाकीच्या बाई रंगाचं कौतुक करायच्या, कापड बोटांत धरून बघायच्या. बूटवाल्या बाई म्हणायच्या, "छान हाय. बस बघू उकिडवी." आम्ही बसायचो. "आता ऊठ. हात वर कर. आता त्या लिंबापर्यंत पळून ये." काखेत शिवण उसवली, किंवा घेर पायात आला, की त्या मान हलवायच्या. "आधी पळून बघावं, मग आरशात बघावं." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की आमच्या वर्गातल्या मुली एकमेकींना चिडवायलाही तेच वापरत.

खेळ म्हणजे आमच्याकडे खो-खो. सातवीपर्यंत आम्हाला स्कर्ट होता. आठवी लागली की घोट्यापर्यंत परकर. त्या परकरातच आम्ही खेळायचो. पुढचा ओचा कमरेला खोचायचा, तो पळता पळता सुटायचा, मग एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने खो द्यायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. मुली अशाच खेळतात, असं आम्ही धरून चाललो होतो. मुलगे खांबाला धरून आडवे झेपावत, सूर मारून गडी बाद करत. मुलींना सूर जमत नाही, त्यांचं अंगच तसं नसतं, असं आम्हाला सांगितलेलं होतं आणि आम्हीही ते पटवून घेतलं होतं.

बाईंनी पहिल्याच दिवशी ते पाहिलं. आम्हाला ओळीत उभं केलं आणि म्हणाल्या, "तुमचा एक हात तर परकरातच गुंतून पडलाय. एका हातानं कसला खेळ खेळायल्या गं तुमी?"

केसांचंही तसंच. आमच्या लांब वेण्या, त्यांना रिबनी. पळताना वेणी मागे उडायची आणि पाठलाग करणारीचा हात नेमका तिलाच लागायचा. बाईंनी वेण्या गुंडाळून डोक्याला बांधायला लावल्या. बांगड्या फुटून मनगटं कापायची, म्हणून मैदानात बांगड्या काढायला सांगितल्या. यावर घराघरांत कुरकूर झाली. मोकळे हात बरे दिसत नाहीत, अशुभ असतं, असं आयाआज्या म्हणू लागल्या. बाईंनी तोड काढली. "मनगटाला रुमाल बांधा. हात मोकळा न्हाई, आणि घामबी पुसता येईल." झालं. पंधरवड्यात शाळेतल्या निम्म्या मुलींच्या मनगटाला रुमाल दिसू लागले. ज्या कधी मैदानाकडे फिरकल्या नव्हत्या, त्याही कपड्याला शोभेल असा रंग शोधून रुमाल बांधायच्या. संक्रांतीच्या बाजारात रुमालवाल्याकडे गर्दी झाली. आमच्या गावातली मला आठवणारी ही पहिली फॅशन, आणि ती फुटलेल्या बांगड्यांतून निघाली होती.

आमच्या संघात सगळ्यांत चपळ होती ती मंगल. सेलूजवळच्या एका खेड्यातून ती रोज चालत शाळेला यायची. वडिलांची थोडी शेती, घरी ती आणि दोन लहान भाऊ. मंगल पळायला लागली की तिचे पाय दिसायचे नाहीत, नुसता परकर वाऱ्यावर निघाल्यासारखा दिसायचा. ती माझी जिवाभावाची मैत्रीण. एकदा आमचा सामना शेजारच्या मानवत गावच्या मैदानावर होता. दोरीपलीकडे बघ्यांची गर्दी होती. मंगल बचावाला उतरली आणि बराच वेळ कुणाच्या हाती लागेना. मग वळणावर तिचा ओचा सुटला. परकर पायात आला, ती गुडघ्यांवर पडली आणि परकर वर सरकला. दोरीपलीकडून कुणीतरी शिट्टी मारली. पुष्कळ जण हसले.

मंगल उठून पळू शकली असती. पाठलाग करणारी अजून लांब होती. पण ती उठली नाही. दोन्ही हातांनी परकर पायांभोवती आवळून तशीच बसून राहिली. पाठलाग करणारी मुलगी आली, तिने मंगलच्या पाठीला हात लावला आणि तीसुद्धा ओशाळली. आम्ही हरलो.

परतीच्या एसटीत आम्ही मागच्या बाकांवर दाटीने बसलो. बाई मंगलच्या शेजारी बसल्या होत्या. आता रागावतील, असं आम्हाला वाटलं. सेलू आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मंगल, तू न्हाई हरलीस. तुझा परकर हरला. त्याला मी बघते."

दुसऱ्या दिवशी बाई गडद निळं कापड घेऊन पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या टेलरचाचांकडे गेल्या. कापड उचलायला मी आणि मंगल सोबत होतो. मुलींच्या पँटी शिवायच्या आहेत म्हटल्यावर चाचांनी पायमशीनवरचा पाय उचलला. "लडकी की पतलून? नको बाई, मेरेकू नई जमता. माप कौन लेंगा?"

"माप मी घेते. तुमी फक्त शिवा. कमरेला इलास्टिक घाला, आणि बसताना फाटली न्हाई पाहिजे."

"गाववाले मेरेकू क्या बोलेंगे?"

"तुमाला न्हाई बोलणार चाचा. मला बोलतेल. मला सवय हाय."

चाचा हसले आणि त्यांनी कापड मशीनच्या फळीवर ओढून घेतलं. शिवून आल्या तेव्हा प्रत्येक पँटीला दोन्ही बाजूंनी खिसे होते. बाईंनी सांगितलेले नव्हते. विचारलं तर चाचा म्हणाले, "पतलून बोले तो जेब होनाच." आम्हा मुलींना आयुष्यात पहिल्यांदा खिसा मिळाला. तोपर्यंत आमचं जे काही असायचं ते रुमालाच्या गाठीत किंवा मुठीत. आम्ही नुसते हात खिशात घालून उभ्या राहिलो आणि एकमेकींकडे बघून हसत सुटलो. बाईंनी ते जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या खिसे. पण मैदानात मोकळे ठेवा. चिंचा घेऊन खेळायला उतरू नका."

पँटी तयार झाल्या आणि मंगल शाळेत यायची बंद झाली. तिच्या वडिलांच्या कानावर गेलं होतं. चार दिवस वाट पाहून शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "तुला तिचं घर माहीत हाय ना? चल." आम्ही दोघी कापसाच्या शेतांमधून चालत गेलो.

मंगलचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी बाईंना बसायला बाज दिली, पाणी दिलं, आणि मग जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमच्याबद्दल मनात काई न्हाई. पण आमाला ह्या गावात राहायचंय. पोरीचं लगीन करायचंय. उद्या कुणी म्हणलं, ह्याची पोरगी पाटलोन घालून चार लोकांत उड्या मारती, तर मी काय तोंड दाखवू?"

बाई म्हणाल्या, "आबा, मानवतला ती परकरात होती. तेव्हाच लोक हसले तिला."

"म्हणून तर म्हणायलोय. खेळच नको."

मंगल दाराआड उभी होती. तेवढ्यात तिची माय शेतातून आली. डोक्यावर कापसाचं गाठोडं होतं. ते तिने उतरवलं, आणि तशीच घामेजलेली उभी राहिली. साडीवरून तिने आबांचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला होता, बोंडांच्या टोकांनी हात ओरखडू नयेत म्हणून. आमच्या भागात कापूस वेचणाऱ्या सगळ्याच बाया असा सदरा घालतात. आजही घालतात.

तिने सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "हे काय घातलंय मी?"

आबा म्हणाले, "काय घातलंय?"

"तुमचा सदरा. लगीन झाल्यापासून दर हंगामाला घालायली. गावच्या रस्त्यानं जाते, यिते. गड्याचा सदरा घालून तुमची बायकू फिरायली, असं कुणी म्हणलं का तुमाला?"

"ते कामासाठी हाय."

"मंग तिचंबी कामासाठीच हाय की. माझं हात फाटू नये म्हणून, तिचं गुडघं फुटू नये म्हणून."

आबांनी उठून कापसाचं गाठोडं भिंतीशी सरकवलं. मग मंगलकडे न बघता म्हणाले, "सोमवारी जाय शाळेला. पण सामन्याला मी येणार. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

परतताना बाई भराभर चालत होत्या. मध्येच थांबून त्या मला म्हणाल्या, "मी इतक्या वर्षांत त्या सदऱ्याकडे बघितलंच न्हाई गं. रोज दिसतो."

शाळेतही गडबड झालीच. मुख्याध्यापकांनी अट घातली: मुली वर्गातून मैदानापर्यंत परकरातच जातील, पँटीवर परकर. त्यामुळे आम्ही गोण्यांसारख्या दिसत मैदानावर जायचो, परकर काढायचो, आणि बाई ते एकेक घडी करून झाडाखाली रचून ठेवायच्या. पण परकर निघाल्यावर जे झालं ते आम्हाला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. दोन्ही हात मोकळे. उकिडवं बसून उठायला मध्ये काही येत नाही. पहिल्या आठवड्यात मंगलने खांबाला हात घातला, अंग वळवलं आणि सरळ आडवी झेपावली. मातीत सपशेल पडली. तोंडात माती गेलेली, आणि हसत होती. सूर मुलींना जमत होता. आमच्या अंगात त्याला आडकाठी नव्हतीच.

परभणीच्या मैदानावर जिल्ह्याचे सामने झाले तेव्हा आबा खरंच आले. डोक्याला पांढरं पागोटं, हातात छत्री, सगळ्या बघ्यांपासून लांब एका कोपऱ्यात उभे. आमच्याकडे बघून लोक कुजबुजले. हसलेही असतील. पण खेळ सुरू झाल्यावर त्यांना हसायला सवड मिळाली नाही. शेवटच्या डावात समोरची एक मुलगी कुणाच्याच हाती लागेना. मंगल खांबापाशी आली आणि तिने सूर मारला. बोटांची टोकं त्या मुलीच्या टाचेला लागली. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो. सगळ्या मुली मंगलवर जाऊन पडल्या. गर्दी हटल्यावर दिसलं, आबा दोरी ओलांडून मैदानात आले होते. त्यांनी मंगलच्या कोपरावरची माती पागोट्याच्या टोकाने पुसली आणि विचारलं, "लागलं का गं?" बाई लांब उभ्या राहून भलतीकडेच बघत होत्या.

एवढं झाल्यावर बाईंचा सत्कार व्हायला हवा होता. झालं ते उलटंच. संस्थेतल्या काही वडीलधाऱ्या मंडळींना हा सगळा प्रकार मानवला नव्हता. पुढच्या वर्षी जूनमध्ये खेळाचे तास एका नव्या सरांना दिले गेले आणि बाईंना मुलींचा शिवणाचा वर्ग. त्या दिवशी मी काही निरोप घेऊन शिवणाच्या खोलीत गेले होते. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मैदानावर सर आमच्या संघाला कवायत शिकवत होते. बाईंच्या गळ्यात शिट्टी नव्हती. मी आल्याचं त्यांना कळलं, पण त्या वळल्या नाहीत. "मंगलला सांग," त्या म्हणाल्या, "डावा पाय आधी टाकायलीय ती. घाई करायलीय."

दुसरी एखादी बाई तिथे खचली असती, किंवा कुढत बसली असती. बूटवाल्या बाई आठवडाभर कुढल्या असतील. मग त्यांनी शिवणाच्या तासाला काय शिकवायचं ते स्वतःच ठरवलं. तोवर त्या वर्गात झबली, टोपडी आणि उशांचे अभ्रे शिवले जायचे. बाईंनी वर्तमानपत्राचे कागद कापून सलवारी बेतायला घेतल्या. टेलरचाचांकडे जाऊन त्यांनी दोन पायांमधला तिरका तुकडा कसा जोडायचा ते शिकून घेतलं. चाचा त्याला मियानी म्हणायचे. तो तुकडा असला की उकिडवं बसलं, सायकलवर टांग टाकली, तरी कपडा ताणत नाही. तो कसा जोडायचा ते बाईंनी वर्गाला शिकवलं. शिवून झालेली प्रत्येक सलवार घालून मुलीने खोलीभर पळायचं आणि उकिडवं बसायचं, हीच त्यांची परीक्षा. फाटली तर उसवून पुन्हा.

आमच्याकडे पंजाबी ड्रेस सिनेमामुळे आला, असं लोक म्हणतात. इतर गावांचं मला माहीत नाही. सेलूत तो शिवणाच्या त्या खोलीतून आला. आधी संघातल्या मुलींनी घातला. मग सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलींनी. मग कॉलेजच्या मुलींनी, मग नव्या सुनांनी माहेरी गेल्यावर, आणि काही वर्षांनी सासरीही. कपड्यांच्या दुकानात दारात टांगलेले सलवार-कमीज दिसू लागले तोवर गावाची नजर सरावली होती. पुढे शाळेचा गणवेशच सलवार-कमीज झाला. मोठ्या शहरांत फॅशन कुठून येते ते तिथल्या लोकांनी सांगावं. आमच्याकडे ती पळताना अडखळलेल्या पोरींच्या गुडघ्यांवरून आली, एवढं मी शपथेवर सांगेन.

आम्ही दहावीत असताना एकदा मंगलने बाईंना थेट विचारलं होतं, "बाई, आमाला सगळं घालाय लावलं. तुमी काहून साडीतच?" बाई शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी दोरा तोडला आणि सांगितलं. लग्नाआधी त्या गंगाखेडला शाळेत धावायच्या, पहिल्या यायच्या. सासऱ्यांनी नोकरीला परवानगी दिली ती साडीच्या अटीवर. चपला घालून मैदानात उतरता येईना, म्हणून बाईंनी घरी सांगितलं की टाच दुखते, डॉक्टरांनी बूट घालायला सांगितलेत. "माझ्या मालकांना ठाऊक होतं, टाच ठणठणीत हाय म्हणून. पण तेच वडिलांना म्हणाले, हो, मी होतो की डॉक्टरकडे." बाई हसल्या. मग म्हणाल्या, "मी बुटापर्यंतच पोचले गं. पुढचं तुमी बघा."

पुढचं आम्ही बघितलं. काही वर्षांनी ते सर दुसऱ्या शाळेत गेले आणि खेळाचे तास बाईंकडे परत आले. मंगल पोलिसात भरती झाली. धावण्याच्या चाचणीत तिच्या पुढे कुणी नव्हतं. आज ती परभणीत जमादार आहे, आणि ती खाकीत घरी आली की तिची माय शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाका मारते. मी पोस्टात लागले. आम्ही दोघी वर्षातून एकदा तरी सेलूला बाईंकडे जायचो.

निवृत्तीनंतर, त्यांचे मालक गेल्यावर, मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी आम्हाला मैदानावर नेलं. गुडघे दुखत होते, हातात काठी होती. शाळेच्या मुली खो-खोचा सराव करत होत्या. अंगात बिनबाह्यांच्या जर्सी आणि मांडीवर संपणाऱ्या तंग चड्ड्या. बाई बाकावर बसून बघत राहिल्या. मग हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मलाबी जरा जास्तीच वाटायलंय गं हे." आणि ते बोलून झाल्यावर स्वतःच दचकल्या. मंगलने मोठ्याने हसून विचारलं, "काय बाई? आबांचा आवाज कुठून आला?" बाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हातारी झाले मी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जवळून जाणाऱ्या एका मुलीला बोलावलं. "बाळा, कुठं ओढत-ताणत न्हाई ना हे? नीट पळता येतं?" मुलगी म्हणाली, "हो आजी, एकदम." "मग झालं," बाई म्हणाल्या, "जा, तुझी पाळी आली."

पुण्यात त्या फार वर्षं राहिल्या नाहीत. बातमी कळली आणि मी नि मंगल तेराव्याला गेलो. मोठी सोसायटी, उंच इमारती. आम्हाला वाटलं होतं, घरचे चार लोक आणि आम्ही दोघी. पाहतो तर बैठकीच्या खोलीत म्हाताऱ्या बायकांची दाटी. बाईंची सून म्हणाली, "ह्या सगळ्या आईंच्या." बाईंनी तिथेही सकाळी बागेत बायका जमवल्या होत्या. आधी चालायला, मग हात-पाय हलवायला. ज्यांचे गुडघे धड होते त्यांना त्यांनी काय काय करायला लावलं ते त्या बायका एकमेकींचं वाक्य तोडत आम्हाला सांगत होत्या.

त्यांत एक फार वयस्कर आजी होत्या, नागपूरकडच्या. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मंगलचा हात धरला. "तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी ना?" त्या म्हणाल्या. "मी लग्नात पंधरा वर्षांची होते. त्यानंतर कधी पळाले नव्हते. पळायची वेळच येत नाही ना आपल्यावर. तुमच्या बाई एक दिवस मला म्हणाल्या, सुनेची सलवार मागा आणि उद्या घालून या. मला इतकी लाज वाटली. पण घातली. मग त्यांनी मला फाटकापाशी उभं केलं, आणि म्हणाल्या, आता त्या गुलमोहरापर्यंत."

"मग?" मंगलने विचारलं.

"पळाले." आजींच्या तोंडावर अजूनही नवल होतं. "मला वाटलं पडेन. पण नाही पडले."